नवव्या गाण्यातला आवाज

"तुम्ही भुताखेतांची प्रकरणं घेता का?" पाहुण्याने उंबऱ्यातूनच विचारलं.

"घेतो," वहिनी म्हणाल्या. "फक्त भुताला समक्ष यावं लागतं. आत या."

भाऊजींनी लगबगीने खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. घराच्या पुढच्या खोलीत वहिनींचा खासगी तपासाचा धंदा चाले. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींचे मदतनीस होते. या धंद्यात डोकं वहिनींचं आणि पाय भाऊजींचे, असं लोक म्हणत. भाऊजींना त्यात काही वावगं वाटत नसे.

पाहुणा बसला. चाळिशीचा, दाढी वाढलेली, आणि गळ्यात हेडफोन लटकलेला. तो काढायचं त्याच्या लक्षातच नव्हतं.

"मी रेकॉर्डिस्ट. गाणी रेकॉर्ड करतो. आमच्या चर्चमध्ये मला कानसेन म्हणतात. गाता येत नाही, पण ऐकण्यात कुणाला हार जाणार नाही, म्हणून." त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे म्हणायचे. आता लबाड म्हणतात."

"कशापायी?"

"चर्चच्या उपासना-गीतांचा अल्बम निघतोय. जुनी भजनं नाहीत, आमच्याच मुलामुलींनी बांधलेली नवी गाणी. गिटार, ड्रम, पियानो सगळं आहे. एकूण नऊ गाणी. आठ झाली, झकास झाली. नवव्यात एक आवाज आहे." तो थांबला. "आणि तो कुणी गायलेलाच नाही."

भाऊजींना हसू आलं होतं. कानसेनने खिशातलं छोटं यंत्र टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं, तेव्हा ते हसू जागच्या जागी विरलं.

आधी नुसता पियानो होता. मोठ्या, दगडी, रिकाम्या जागेतला. मग त्या स्वरांच्या खालून एक आवाज वर आला. पातळ होता, कापरा होता. पुरुषाचा की बाईचा, तरुण की म्हातारा, काही सांगता येईना. शब्द मात्र स्वच्छ होते.

*माझे शब्द सरले जिथे, तिथे तू ऐकत होतास.*

एके ठिकाणी पियानो थांबला. त्या शांततेत आवाज एकटाच "तिथे" एवढंच गायला आणि त्याच्यामागे कसलासा झंकार उठून हळूहळू विझला. मग शेवटची ओळ आली. पियानो खाली उतरला आणि आवाज वर गेला. दोघांनी दोन वाटा धरल्या, तरी कुठे बेसूर झालं नाही.

भाऊजींच्या दोन्ही हातांवर काटा आला होता. ते देवाधर्माचे माणूस नव्हते. पण आपण कुणाच्या तरी प्रार्थनेच्या खोलीत न विचारता शिरलो आहोत, असं त्यांना वाटलं.

"पुन्हा लावा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून दुसऱ्यांदा ऐकलं. "ती बारीक टक्‌-टक्‌ कसली?"

"पियानोवाल्याचा बूट असेल. पायाने ठेका धरतात हे लोक."

"बरं. आता रेकॉर्डिंग कसं झालं ते सांगा. मला यातलं ओ की ठो कळत नाही असं समजून सांगा."

कानसेन जरा खुलला. आपल्या कामाबद्दल बोलताना माणूस खुलतोच. "आम्ही सगळ्यांना एकदम रेकॉर्ड करत नाही. एकेक वाद्य वेगळं. आधी गायिका पूर्ण गाणं कच्चं गाऊन ठेवते. त्याला गाइड म्हणतात. मग जो वाजवणार त्याच्या हेडफोनमध्ये ते गाइड वाजतं, त्याच्या बरोबरीने तो आपलं वाद्य वाजवतो. शेवटी गाइड काढून टाकायचं. घर बांधून झालं की परांची काढतात तसं."

"पियानोवाल्याला खोलीतलं काय ऐकू येतं?"

"हेडफोन घातल्यावर? पियानोसुद्धा हेडफोनमधूनच ऐकतो तो."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"शेजारच्या पाळकांच्या खोलीत, दार लावून. मलाही हेडफोनमध्ये पियानो आणि गाइड दोन्ही ऐकू येत होतं. त्यामुळे गाताना कुणी ऐकू आलं तरी मला ते गाइडच वाटणार. दुसऱ्या दिवशी गाइड काढलं, तर हा आवाज तिथेच!"

"चर्चमध्ये तेव्हा कोण होतं?"

"कुणी नाही. शपथेवर सांगतो. त्या बाबतीत मी खाष्ट आहे. रेकॉर्डिंगच्या आधी मी सबंध चर्च फिरतो. पंखे बंद केले, करकरणारा बाक बाहेर काढला, भिंतीवरच्या घड्याळाचा लंबकसुद्धा थांबवला. आवाज करू शकेल असं आत काहीही ठेवलं नाही. खिडक्या बंद, दाराला आतून कडी, बाहेर पायऱ्यांवर चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशी राखणीला."

"आवाज करू शकेल असं काहीही नाही," वहिनींनी सावकाश म्हटलं. "मग पुन्हा का नाही वाजवून घेत?"

"तसं म्हटलं, तर अर्धी मंडळी म्हणते देवदूताला हाकलतोस. उरलेली अर्धी म्हणते, अल्बम गाजावा म्हणून आवाज घुसडलास आणि आता पुरावा पुसतोस. रविवारी उपासनेनंतर समिती निर्णय देणार. खुलासा झाला नाही, तर नववं गाणं अल्बममधून जाणार आणि त्याबरोबर मीही." त्याने हेडफोनला हात लावला. "आमच्या धंद्यात माणसाचा भरवसा एकदा गेला की गेला. खोट्या आवाजाचा माणूस हा शिक्का घेऊन मी कुणाच्या दारात उभा राहू?"

वहिनी उठल्या. "भाऊजी, छत्री राहू द्या. आपण चर्चला निघालोय."

"छत्री कुठे घेतली मी?"

"घ्यायला निघाला होतात."

चर्च दगडी होतं, छत उंच. दार ढकलताच थंडावा अंगावर आला. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक पुन्हा संथ हलत होता. वेदीच्या डाव्या हाताला काळा पियानो होता आणि त्याच्यासमोर चार-पाच बायका गुडघे टेकून बसल्या होत्या. झाकणावर कुणीतरी फुलं ठेवली होती.

पाळकसाहेब समोर आले. उंच, भारदस्त माणूस. साधं "या" म्हणाले तरी ते शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत होतं.

"मी अडचणीत आहे, बाई," ते आवाज दाबून म्हणाले. "हा देवाचा स्पर्श असेल तर त्याची चौकशी करणारा मी कोण? आणि माणसाची लबाडी असेल तर त्यावर गुडघे टेकू देणारा मी कोण?"

"त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"दफनभूमीत. एका वृद्ध सभासदाला निरोप द्यायला. निम्मी मंडळी होती तिथे."

पियानोच्या पलीकडे, खांबाच्या आडोशाला, चाकांच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. चर्चची देखभाल करणाऱ्या मावशी त्यांच्या मांडीवरची शाल सारखी करत होत्या.

"हे आमचे मास्तर," पाळकसाहेब म्हणाले. "आयुष्यभर इथला ऑर्गन यांनी वाजवला. दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. गायिका यांचीच मुलगी. ती कामावर असते, म्हणून दिवसभर मास्तर इथे असतात. त्यांना इथे बरं वाटतं."

भाऊजी पुढे झाले आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाले, "काय मास्तर! कसं काय! बरं आहे ना!"

"भाऊजी, त्यांची वाचा गेलीय, कान नाही," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. हसूच असावं. भाऊजी ओशाळले, आणि ओशाळल्यावर काहीतरी काम काढायचं म्हणून घसरलेली शाल उचलायला वाकले. खुर्चीच्या पायटेकूवर मास्तरांचे बूट होते. उजवा कोरा करकरीत, डाव्याचं टोक घासलेलं. भाऊजींनी शाल नीट पांघरली आणि ते मावशींकडे वळले.

मावशींना कुणी विचारायचीच खोटी होती. "मी पायऱ्यांवरनं हलले नाही हो! आत कुणी गेलं नाही, बाहेर कुणी आलं नाही. मांजरसुद्धा नाही. एक आलं होतं, त्याला मी हुसकलं."

"तुम्हालाही गाणं येतं म्हणे," वहिनींनी सहज खडा टाकला.

"येतं म्हणजे, झाडताना तालमी ऐकून ऐकून पाठ झालंय." आणि मावशींनी तिथेच, लाजत लाजत, नववं गाणं म्हणून दाखवलं. आवाज खडा होता. शेवटची ओळ पियानोसारखी खाली आली.

"छान. अशीच शिकवलीय का सगळ्यांना?"

"एवढी एकच तर चाल आहे. दुसरी कुठली असणार?"

तेवढ्यात पियानोवाला आला. हा लांबलचक, सडपातळ तरुण. शीळ घालतच आत शिरला आणि गुडघे टेकलेल्या बायका पाहून त्याने शीळ गिळली.

"माझ्यावर संशय आहे ना?" तो म्हणाला. "असणारच. आत मी एकटाच होतो."

"वाजवताना तुम्ही तोंडाने गाता?"

"मी? मला गाऊ देत नाहीत. शाळेतल्या गायनाच्या बाईंनी हात जोडले होते."

"आणि पायाने ठेका धरता?"

"रेकॉर्डिंगला मी बूट काढून बसतो. मोजे घालून. नाहीतर कानसेन माझे पायच काढून घेईल."

कानसेन चपापला. "मग ती टक्‌-टक्‌?"

"पियानोला माईक कुठे होते?" वहिनींनी त्याला पुढे जाऊ दिलं नाही.

"दोन. एक वर, उघड्या झाकणापाशी. एक खाली, पियानोच्या पोटाखाली."

"तो आवाज कुठल्या माईकमध्ये जास्त आहे?"

कानसेनने यंत्र काढून, हेडफोन लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. "खालच्या. वरच्यात अगदी पुसट."

वहिनींनी पियानोवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग झाकणाकडे, मग जमिनीकडे. नंतर त्या पियानोपाशी गेल्या आणि बायकांची माफी मागून त्यांनी फुलं बाजूला ठेवली, झाकण उघडलं आणि पायाजवळची उजवी पट्टी दाबून धरली.

"भाऊजी, इकडे या. पियानोत तोंड घाला आणि ओरडा."

"काय ओरडू?"

"मनात येईल ते. फार विचार करू नका, सवय नाही."

भाऊजींनी तारांवर वाकून "ओ!" केलं.

आणि पियानोने ओ दिली. कुणी सुरांच्या पट्ट्यांना हात लावला नव्हता, तरी तारांमधून भाऊजींचाच "ओ" परत आला. मऊ, लांबवर पसरलेला, शंभर माणसांनी एकदम हळूच म्हटल्यासारखा. भाऊजी मागे सरकले. एवढ्या मोठ्या काळ्या लाकडाने आपलं ऐकून घेतलं, याचंच त्यांना केवढं तरी वाटलं.

"पायाची पट्टी दाबली की तारा मोकळ्या होतात," पियानोवाला म्हणाला. "त्यांच्या सुराचं कुणी काही गायलं की त्याही हलतात."

"तुम्ही मध्ये थांबता, तेव्हा ही पायाची पट्टी दाबलेली असते?"

"असते. स्वर रेंगाळायला हवा ना."

वहिनींनी मान डोलावली. भाऊजींना त्या मानेचा अर्थ ठाऊक होता. वहिनींना काहीतरी सापडलं होतं आणि ते त्या आत्ता सांगणार नव्हत्या.

गायिका कामावरून परस्परच आली. तिशीची, साधी, दमलेली. तिने आधी वडिलांच्या कपाळावर हात ठेवला आणि मगच वहिनींकडे वळली.

"गाणं तुम्हीच बांधलंत?"

"हो. शब्दही माझेच. बाबांना झटका आला तेव्हा. ते बोलायला जायचे, तोंडातून शब्दच यायचा नाही, आणि त्यांचे डोळे..." ती थांबली. "देवाला तरी ऐकू जात असेल, असं मला वाटायला हवं होतं. म्हणून लिहिलं."

"त्या आवाजाची शेवटची ओळ वर जाते."

गायिकेचा रंग उडाला. "तुमच्याही लक्षात आलं? मी कुणाला बोलले नव्हते. आधी चाल तशीच होती. घरी पियानोवर बांधली तेव्हा शेवटची ओळ वर जायची. मग ती मला फार आनंदाची वाटायला लागली. आमच्या घरात कुठे आलाय एवढा आनंद? म्हणून मी ती खाली आणली, आणि मगच बँडला ऐकवली. जुनी चाल घराबाहेर कधी गेलीच नाही."

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही. आई जाऊन खूप वर्षं झाली. मी एकटीच असते." तिने रुमालाने वडिलांची हनुवटी टिपली. "म्हणून तर मला भीती वाटते. ती चाल मला ठाऊक होती आणि देवाला. मी त्या दुपारी कामावर होते. मग उरलं कोण?"

गुडघे टेकलेल्यांपैकी एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. भाऊजींना वाटलं, झालं, प्रकरण मिटलं. आता वहिनींनीही गुडघे टेकावेत हे बरं.

"तुमच्या वडिलांना गाताना तुम्ही कधी ऐकलंय?" वहिनींनी विचारलं.

"बाबांना? नाही. ऑर्गनवाला गात नाही. सगळं चर्च गायचं आणि बाबा ओठ मिटून वाजवायचे."

वहिनींनी तिचा हात हातात घेतला. "उद्या शनिवार. सगळे दुपारी इथे या. बाकी कुणी नको."

परतीच्या वाटेवर भाऊजी धुमसत होते. "वहिनी, निदान एवढं सांगा, माणूस की देवदूत?"

"भाऊजी, तुम्ही आज सगळ्यात मोठा पुरावा स्वतःच्या हाताने झाकलात," वहिनी म्हणाल्या आणि घरी पोहोचताच कुणाशी तरी फोनवर बराच वेळ बोलत बसल्या.

शनिवारी दुपारी चर्चचं दार लावून घेतलं गेलं. पहिल्या बाकावर पाळकसाहेब, कानसेन, पियानोवाला, मावशी आणि गायिका. मास्तर नेहमीच्या जागी, खांबाच्या आडोशाला. भाऊजी दारापाशी उभे राहिले, पळून जाणाऱ्याला अडवायला. पळेलसं कुणी दिसत नव्हतं, पण पद्धत म्हणून.

"आधी कानसेनचं," वहिनी म्हणाल्या. "आवाज मागाहून घातलेला नाही. पियानो थांबतो तेव्हा तो आवाज 'तिथे' म्हणतो, आणि पियानोच्या तारा त्याला ओ देतात. काल भाऊजींना दिली तशी. म्हणजे आवाज आणि पियानो एकाच वेळी, एकाच खोलीत होते. हा माणूस निर्दोष आहे."

कानसेनने डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले.

"म्हणजे कुणीतरी खरंच इथे गायलं. मावशी बाहेर होत्या, खिडक्या बंद होत्या. शिवाय त्यांना नवीच चाल येते. पाळकसाहेब दफनभूमीत होते. पियानोवाला गायला असता तर त्याचं तोंड वरच्या माईकपाशी. आवाज तर खालच्यात जास्त आहे. जो गायला तो उभा नव्हता. बसलेला होता, पियानोच्या पलीकडे, उघड्या झाकणाच्या आड."

"पण आत कुणी नव्हतंच!" कानसेन म्हणाला.

"असं तुम्हाला वाटलं. तुम्ही म्हणालात, आवाज करू शकेल असं काहीही आत ठेवलं नाही. तुमच्या कामात माणसं मोजत नाहीत, आवाज मोजतात. पंखा मोजलात, बाक मोजलात, लंबक मोजलात. जे आवाज करत नाही ते तुमच्या हिशेबी नसतंच. मावशींनीही आत गेलेले आणि बाहेर आलेले मोजले. सकाळपासून आतच असलेला माणूस त्यांच्या मोजणीत कसा येणार?"

मावशींचा हात तोंडावर गेला. "अगंबाई!"

"आणि ही मुलगी म्हणाली, घरी मी एकटीच असते. तिने जुनी चाल घरी बांधली, रोज, तासन्‌तास. शेजारच्या खुर्चीत कोण होतं?"

गायिका उभी राहिली.

"भाऊजींनी काल यांचे बूट पाहिले. ज्याला चालता येत नाही त्याच्या डाव्या बुटाचं टोक कशाने घासतं? ऑर्गनवाल्याच्या पायाची सवय मोडत नाही. तुमच्या प्रत्येक तालमीला हा पाय पायटेकूवर ठेका धरत होता. टक्‌-टक्‌. दोन वर्षं."

"पण बाबांना बोलता येत नाही!" ती कशीबशी म्हणाली.

"बोलता येत नाही. काल मी वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बोलणं आणि गाणं मेंदूत एकाच खोलीत राहत नाहीत. झटक्याने बोलण्याची खोली पडते, तरी कुणाकुणाची गाण्याची शाबूत राहते. 'पाणी' म्हणता येत नाही अशी माणसं गाणं शब्दांसकट म्हणतात. फक्त गाऊन बघा, असं त्यांना कुणीतरी म्हणावं लागतं. इथे ते कुणी म्हणालंच नाही, कारण मास्तर कधी गातच नव्हते. एरवी तालमीत ड्रम असतात, दहा आवाज असतात. त्या दुपारी पहिल्यांदाच चर्चमध्ये एकटा पियानो होता आणि गायला कुणीही नव्हतं. जागा रिकामी होती. मास्तरांनी ती भरली."

सगळ्यांनी खांबाकडे पाहिलं. मास्तर मान खाली घालून बसले होते.

पाळकसाहेबांच्या खुणेसरशी पियानोवाला उठला, बसला, नववं गाणं वाजवू लागला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. मास्तरांचे ओठ मिटलेलेच. एवढ्या नजरा अंगावर रोखलेल्या असताना ते अधिकच आक्रसून गेले. पियानोवाला अडखळला आणि थांबला. वहिनींचा तर्क चुकलेला भाऊजींनी कधी पाहिला नव्हता.

"तुम्ही नको," वहिनी हलकेच म्हणाल्या. "पोरी, तू बस. घरी बसतेस तशी. आणि शेवटची ओळ पहिल्यासारखी वर ने. बाकीच्यांनी वेदीकडे तोंड करा."

सगळे वळले. भाऊजीही वळले. मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला, मग स्वर.

टक्‌, असं कुठेतरी वाजलं. मग पुन्हा, टक्‌.

आणि तो आवाज आला.

यंत्रातून ऐकला तेव्हा तो कुठून तरी वरून आल्यासारखा वाटला होता. प्रत्यक्षात तो जमिनीपासून दोन-अडीच हात उंचीवरून येत होता, कष्टाने, श्वास गोळा करत, आणि तरीही त्या उंच छतापर्यंत पोहोचत होता. *माझे शब्द सरले जिथे.* गायिकेने हात थांबवले, पाय पट्टीवर दाबून ठेवला. *तिथे,* म्हातारा एकटाच म्हणाला, आणि सगळ्या तारा त्याच्याबरोबर म्हणाल्या.

शेवटची ओळ आली. पियानो वर गेला. मास्तरही वर गेले. या वेळी दोघांची वाट एकच होती.

भाऊजींना समोरची वेदी दिसेनाशी झाली होती. त्यांनी चष्मा पुसला, तरी दिसेना.

मागे वळून पाहिलं तेव्हा गायिका वडिलांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून होती. "बाबा, बोला ना. काहीतरी बोला." मास्तरांनी तोंड उघडलं. ओठ खूप वेळ धडपडले. काहीच आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत तोच जुना त्रास दाटून आला. तिने डोळे पुसले, हसली, आणि बोलण्याचं सोडून हळूच गुणगुणायला लागली. दुसऱ्याच ओळीला मास्तर तिच्यात मिसळले.

"उद्या मी मंडळीला काय सांगू?" पाळकसाहेबांचा एवढा मोठा आवाज अगदी बारीक झाला होता. "चमत्कार नव्हता म्हणून सांगू?"

"जे ऐकलंत ते सांगा," वहिनी म्हणाल्या. "नाव काय द्यायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या. मला विचाराल तर मी असलं काही यापूर्वी ऐकलेलं नाही."

कानसेन केव्हाच उठला होता. गळ्यातला हेडफोन त्याने प्रथमच काढून बाकावर ठेवला. भिंतीपाशी जाऊन त्याने घड्याळाचा लंबक थांबवला, पंख्यांचे खटके पाहिले, एकेका बाकावर बसून बघितलं. नेहमीची सगळी फेरी झाल्यावर तो खांबापाशी आला आणि त्या खुर्चीपुढे उकिडवा बसला.

"मास्तर," तो म्हणाला, "मला माफ करा. तुमचा माईक राहिला होता. कुठे लावू?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात वर केला, उपासनेला सुरुवात करण्याआधी गाणाऱ्यांना इशारा द्यायला ते उचलत असत तसा, आणि बोटाने आपल्या ओठांसमोरची जागा दाखवली.